जावातला विझार्ड: ‘पुढे’ सोपं, ‘मागे’ अवघड. वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विकेट, जेएसएफ किंवा वाडिन, कंपोनंटवर (पानाच्या तयार तुकड्यांवर) चालणाऱ्या कुठल्याही जावा फ्रेमवर्कमध्ये अनेक पायऱ्यांचा फॉर्म, म्हणजे विझार्ड, बांधायला घेतला की पहिल्या दिवशी सगळं सोपं वाटतं. चार पॅनेल, दोन बटणं, झालं काम. गाडी अडते ती कोणीतरी तिसऱ्या पायरीवरून मागे येऊन पहिल्या पायरीतलं उत्तर बदलतं तेव्हा. असे विझार्ड मी बरीच वर्षं बांधतोय आणि दुसऱ्यांचे दुरुस्तही करतोय. टीममध्ये नव्याने आलेली मंडळी जे प्रश्न हमखास विचारतात, ते उत्तरांसकट खाली दिले आहेत.

## मुळात विझार्ड हवाच का? एकच लांब फॉर्म का नको?

बऱ्याचदा एकच फॉर्म पुरतो. दहा-बारा रकाने असतील आणि एका उत्तरावर दुसरं अवलंबून नसेल, तर विझार्डच्या वाटेला जाऊ नका. आधीच्या उत्तरावरून पुढचे प्रश्न ठरत असतील, किंवा मधल्या टप्प्यावर सर्व्हरला काही पडताळून आणावं लागत असेल, तेव्हा विझार्डला अर्थ आहे. एकच माणूस तोच फॉर्म दिवसभर भरत बसणार असेल, तर प्रत्येक ‘पुढे’ त्याचा खोळंबा करतं.

## प्रत्येक पायरीला वेगळं पान करू, की एकाच पानावर पॅनेल बदलत राहू?

माझा कौल एका पानाला. पान एकच, त्यात एक जागा राखून ठेवलेली, आणि त्या जागेत चालू पायरीचं पॅनेल. विकेटच्या एक्स्टेंशन्समधला तयार ‘विझार्ड’ हा क्लास याच पद्धतीने बांधलेला आहे. तो स्वतः एक पॅनेल आहे, त्याच्या पोटात एक फॉर्म, शीर्षकाची जागा, पायरीची जागा आणि बटणांची पट्टी. प्राइमफेसेस या जेएसएफच्या कंपोनंट-संचातला विझार्डही एकाच पानावर टॅबसारख्या पायऱ्या मांडतो. वाडिनच्या मूळ संचात विझार्ड नावाचा कंपोनंट नाही, पण एका लेआउटमध्ये पायऱ्या घालणं-काढणं तिथे अगदी सहज होतं.

वेगळ्या पानांचा एक मोठा फायदा असतो, तो म्हणजे प्रत्येक पायरीला स्वतःचा पत्ता मिळतो. पण त्याची किंमतही आहे. कोणीतरी थेट तिसऱ्या पायरीचा पत्ता उघडतो आणि आधीच्या दोन पायऱ्यांची माहितीच नसते. मग प्रत्येक पानाच्या दारात ‘आधीचं भरलंय का’ हे विचारणारा पहारेकरी उभा करावा लागतो. जेएसएफमध्ये वेगळी पानंच हवी असतील, तर 2013 मध्ये आलेल्या 2.2 आवृत्तीपासून फेसेस फ्लो आहे. त्यात पानांचा गट, त्याचं प्रवेशद्वार आणि बाहेर पडायची वाट एकत्र जाहीर करता येते. हाताने पहारेकरी लिहीत बसण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

## पायऱ्यांचा क्रम कुठे लिहायचा?

एका ठिकाणी, आणि बटणांच्या आत नक्कीच नाही.

माझ्याकडे दुरुस्तीला आलेल्या विझार्डांमध्ये बहुतेक वेळा हाच आजार सापडतो. एक पूर्णांक ठेवलेला असतो. ‘पुढे’च्या बटणात तो एकने वाढतो, ‘मागे’च्या बटणात एकने कमी होतो. मग एक पायरी काही लोकांसाठी गाळायची ठरते. ‘पुढे’मध्ये एक ‘जर’ येतो, ‘मागे’मध्ये त्याचा उलटा ‘जर’. दुसरी अट आली की चार ‘जर’, आणि तिसऱ्या अटीला कोणाचाच कोणाला मेळ लागत नाही.

एक उदाहरण सावकाश बघू. पायऱ्या चार: अर्जदार, जोडीदार, कागदपत्रं, खात्री. अर्जदार अविवाहित आहे, म्हणून जोडीदाराची पायरी गाळली जाते. आता माणूस ‘कागदपत्रं’वर आहे आणि ‘मागे’ दाबतो. नुसता पूर्णांक कमी केलात तर तो ‘जोडीदार’वर पोचतो, जी पायरी त्याने कधी पाहिलीच नव्हती. म्हणून गेलेल्या वाटेची चवड (स्टॅक) ठेवायची. ‘अर्जदार’वरून पुढे जाताना ‘अर्जदार’ चवडीवर ठेवला आणि ‘कागदपत्रं’ उघडली. तिथून पुढे जाताना ‘कागदपत्रं’ चवडीवर ठेवली आणि ‘खात्री’ उघडली. ‘मागे’ म्हणजे चवडीवरचं वरचं उचलायचं, बस. कुठलीही अट पुन्हा तपासायची गरज नाही.

विकेटचं विझार्डमॉडेल नेमकं हेच करतं. ‘पुढे’ जाताना ते चालू पायरी इतिहासात टाकतं आणि पुढची दिसण्याजोगी पायरी शोधतं. एखादी पायरी सशर्त असेल तर तिने आयकंडिशन हा इंटरफेस राबवायचा. त्यातल्या इव्हॅल्युएट मेथडने ‘नाही’ म्हटलं की ती पायरी ओलांडली जाते. वाटा खूपच फुटत असतील तर डायनॅमिकविझार्डमॉडेल घ्या, त्यात पुढची पायरी कोणती हे प्रत्येक पायरी स्वतःच सांगते. मला मात्र पहिलं मॉडेल जास्त आवडतं, कारण सगळी यादी एका नजरेत दिसते. दुसऱ्या प्रकारात वाट समजून घ्यायला एकेक क्लास उघडत फिरावं लागतं.

फ्रेमवर्क कुठलंही असो, हे मॉडेल साधं जावा ठेवा. त्यात ना कंपोनंट, ना सेशन (सर्व्हरवर त्या माणसापुरती राखलेली जागा). फक्त पायऱ्यांची नावं, अटी आणि चवड.

## ‘मागे’ दाबल्यावर व्हॅलिडेशन (भरलेल्या माहितीची तपासणी) व्हावं का?

नाही. अर्धवट भरलेल्या पायरीवर कोणी ‘मागे’ दाबलं आणि तुम्ही ‘हा रकाना आवश्यक आहे’ म्हणून लाल अक्षरं दाखवलीत, तर तो माणूस कोंडला गेला. कदाचित तो रकाना भरायला लागणारी माहिती बघण्यासाठीच तो मागे जात असेल.

विकेटच्या ‘मागे’ आणि ‘रद्द’ बटणांवर फॉर्मची नेहमीची प्रक्रिया मुद्दाम बंद ठेवलेली असते. ‘पुढे’चं बटण मात्र चालू पायरीला आधी स्थिती लागू करायला सांगतं, मग ‘तू पूर्ण झालीस का’ असं विचारतं आणि होकार मिळाला तरच मॉडेलला पुढे नेतं. जेएसएफमध्ये ‘मागे’साठी इमिजिएट गुणधर्म वापरतात.

पण इथेच खरी मेख आहे. व्हॅलिडेशन टाळलं की त्यासोबत मॉडेलमध्ये माहिती लिहिणंही टळतं. चालू पायरीवर टाइप केलेलं सगळं ‘मागे’ दाबताच हवेत विरू शकतं. तीन ओळींच्या पायरीत हे चालून जातं. वीस रकान्यांच्या पायरीत चालत नाही. अशा वेळी मी दोन वस्तू ठेवतो. एक कच्चा मसुदा, ज्यात जे टाइप केलं ते जसंच्या तसं, बहुतेक नुसता मजकूर (स्ट्रिंग) म्हणून. आणि दुसरी पक्की वस्तू, जी फक्त तपासणीतून पार पडलेली. ‘मागे’ दाबलं की मसुदा जपायचा आणि पक्क्या वस्तूला हात लावायचा नाही. वाडिनमध्ये बाइंडरचं (रकाने आणि वस्तू जोडणाऱ्या क्लासचं) बफर केलेलं रूप यासाठी सोयीचं आहे: रीडबीनने वाचायचं, आणि राइटबीन तपासणी पार पडल्यावरच मूळ वस्तूत लिहितं. काम थोडं वाढतं हे खरं, पण लोकांनी टाइप केलेलं फेकून देण्याचा हक्क आपल्याला कोणी दिलेला नाही.

## एंटर दाबलं की विझार्ड मागेच जातो. असं का होतं?

या एका तक्रारीत माझे दोन दिवस गेले होते. एका कार्यालयासाठी केलेल्या अर्जात लोक म्हणायचे, ‘तिसऱ्या पायरीवर क्रमांक टाकला की आपोआप दुसरी पायरी येते.’ माझ्या मशीनवर काही केल्या तसं होईना, कारण मी प्रत्येक वेळी माउसने ‘पुढे’ दाबत होतो. ते लोक कीबोर्डवर काम करणारे होते आणि क्रमांक टाकून एंटर मारत होते.

एचटीएमएलचा नियम असा आहे की एंटर दाबल्यावर फॉर्ममधलं क्रमाने पहिलं येणारं सबमिट बटण दाबलं जातं. विझार्डमध्ये डावीकडे ‘मागे’ आणि उजवीकडे ‘पुढे’ असतं, म्हणजे पहिलं बटण ‘मागे’च ठरतं. विकेटमध्ये फॉर्मला डीफॉल्ट बटण सांगता येतं. तयार विझार्डची बटणपट्टी हे आधीच सांभाळते: पुढे जाता येत असेल तर ‘पुढे’, शेवटची पायरी असेल तर ‘पूर्ण करा’. स्वतः पट्टी लिहिलीत तर हे विसरू नका. दुसरा उपाय म्हणजे ‘मागे’ला सबमिट बटणाऐवजी लिंक करणं. वाडिनमध्ये ‘पुढे’च्या बटणाला एंटरचा क्लिक-शॉर्टकट जोडता येतो, फक्त अनेक ओळींच्या मजकुराच्या रकान्यात तो आड येत नाही ना, ते पाहा.

सीएसएसने बटणांची जागा उलटी करून हा प्रश्न सोडवू नका. डोळ्यांना दिसणारा क्रम आणि टॅब कीचा क्रम वेगळा झाला की कीबोर्डवाल्यांची पुन्हा गोची होते.

## ब्राउझरचं ‘मागे’ बटण दाबलं तर?

ते लोक दाबणारच. ते बंद पाडायच्या युक्त्या शोधू नका.

विकेटमध्ये पानाच्या आवृत्त्या असतात. पायरी बदलताना कंपोनंट बदलला की पानाला नवा क्रमांक मिळतो, तो पत्त्यात दिसतो, आणि ब्राउझरमधून मागे गेल्यावर विकेट साठवलेली जुनी आवृत्ती उचलून आणतं. यामुळे पायरी बरोबर येते. माहितीचं काय, ते तुम्ही ती कुठे ठेवली त्यावर आहे. माहिती पानाच्या मॉडेलमध्येच असेल तर तीसुद्धा आवृत्तीबरोबर मागे जाते. सेशनमध्ये असेल तर पायरी जुनी आणि माहिती नवी, अशी विचित्र जोडी जमते. दोन्ही एकाच घरात ठेवा. पानात अवजड वस्तू कोंबू नका एवढं पथ्य मात्र हवं, कारण एका सेशनच्या पानांसाठी डिस्कवर ठरलेली मर्यादा मुळात 10 एमबी असते आणि ती भरली की जुन्या आवृत्त्या जातात.

आता एक सापळा. पायऱ्या अजॅक्सने, म्हणजे पूर्ण पान पुन्हा न आणता, बदलल्यात तर नवा क्रमांक मिळतच नाही, पत्ता तोच राहतो. मग चौथ्या पायरीवरून ब्राउझरचं ‘मागे’ दाबणारा माणूस थेट विझार्डच्या बाहेर पडतो. म्हणून लांब विझार्डमध्ये ‘पुढे’ आणि ‘मागे’ मी साध्या सबमिटनेच चालवतो आणि अजॅक्स पायरीच्या आतल्या लहान बदलांपुरतं ठेवतो.

वाडिन फ्लोमध्ये (हे वाडिनच्या जावा फ्रेमवर्कचं नाव, फेसेस फ्लो वेगळं) व्ह्यूला बिफोरलीव्हऑब्झर्व्हर राबवता येतो. बाहेर जाणारी हालचाल पोस्टपोन करून ‘भरलेली माहिती जाईल, निघायचं का’ असं विचारता येतं आणि होकार आला की प्रोसीड करता येतं. हे अॅप्लिकेशनच्या आतल्या हालचालीला लागू पडतं. टॅबच बंद केला तर त्यासाठी ब्राउझरची स्वतःची सूचना लागते.

## ‘पुढे’ दाबलं तर काहीच होत नाही. एररही नाही. कुठे बघू?

जेएसएफ असेल तर सर्वात आधी बीनचा (पानाची माहिती धरणाऱ्या वस्तूचा) स्कोप, म्हणजे ती किती काळ टिकते ते, बघा. फॉर्म आल्यावर जेएसएफ सहा टप्प्यांतून जातं, आणि विनंतीतल्या किमती (व्हॅल्यू) लागू करायच्या टप्प्यात ते रेंडर्डची, म्हणजे कंपोनंट दाखवायचा की नाही याची, अट पुन्हा तपासतं. चालू पायरी रिक्वेस्ट स्कोपच्या बीनमध्ये ठेवली असेल, तर नव्या विनंतीसाठी नवं बीन तयार होतं आणि पायरी पुन्हा पहिली होते. तिसऱ्या पायरीचं पॅनेल त्या क्षणी ‘न दिसणारं’ ठरतं, त्यातलं बटणही तसंच. न दिसणाऱ्या बटणाचा क्लिक जेएसएफ मुकाट्याने सोडून देतं. पायरी व्ह्यू स्कोपमध्ये हलवली की चालू होतं.

दुसरी शक्यता अशी की व्हॅलिडेशन अडलेलं आहे आणि संदेश दाखवायला पानावर जागाच नाही. विकसनाच्या काळात तरी फॉर्मच्या डोक्यावर एक संदेशपट्टी कायम ठेवा.

## अर्धवट भरलेली माहिती कुठे ठेवू? सेशन सोपं पडतं ना?

सोपं पडतं आणि महागात पडतं. माणूस दोन टॅब उघडून दोन वेगवेगळे अर्ज भरायला घेतो. सेशनमध्ये वस्तू एकच. दुसऱ्या टॅबमधलं नाव पहिल्या अर्जावर चढतं आणि ते कोणाच्या लक्षातही येत नाही. एरर येणारी चूक परवडली, पण दुसऱ्याची माहिती गुपचूप आपल्या अर्जात येणं अजिबात परवडत नाही.

एकाच पानाचा विझार्ड असेल तर जेएसएफचा व्ह्यू स्कोप पुरतो. अनेक पानं असतील तर फ्लो स्कोप घ्या. तो खिडकीनुसार वेगळा असतो आणि फ्लोमधून बाहेर पडताच संपतो. सीडीआयचा (जावातल्या वस्तू जोडून देणाऱ्या मानकाचा) कन्व्हर्सेशन स्कोपही चालतो, पण सुरुवात आणि शेवट तुम्हालाच सांगावा लागतो, आणि शेवट सांगायचा राहून जातो. दोन्हींत खिडकीची किंवा कन्व्हर्सेशनची ओळख पत्त्यातून जाते, म्हणून पत्ता कॉपी करून दुसऱ्या टॅबमध्ये चिकटवला की दोन्ही टॅब एकच माहिती वाटून घेतात. वाडिनमध्ये प्रत्येक टॅबला स्वतःचा यूआय (सर्व्हरवरची पडद्याची वस्तू) असतो, त्यामुळे व्ह्यूच्या फील्डमध्ये ठेवलेलं दुसऱ्या टॅबपासून सुरक्षित. फक्त पान रिफ्रेश केलं की नवा व्ह्यू तयार होतो. तो टिकवायचा असेल तर प्रिझर्व्हऑनरिफ्रेश हे अॅनोटेशन लावा.

## मागे येऊन उत्तर बदललं, तर गाळल्या गेलेल्या पायरीतल्या माहितीचं काय करायचं?

हा प्रश्न कोणी विचारला की मला फार बरं वाटतं, कारण बहुतेक जण तो विचारतच नाहीत.

कोणी ‘विवाहित’ निवडून जोडीदाराचं नाव, जन्मतारीख सगळं भरलं. मग मागे येऊन ‘अविवाहित’ केलं. पायरी गाळली गेली, पण वस्तूत जोडीदार तसाच बसून आहे. ‘पूर्ण करा’ दाबलं की अविवाहित अर्जदार आणि त्याचा जोडीदार, दोघंही डेटाबेसमध्ये. पुढे कधीतरी अहवाल काढणाऱ्याच्या हातात हे प्रकरण येतं.

उत्तर बदलताक्षणी माहिती पुसणं हा सहज सुचणारा उपाय आहे, पण मी तो करत नाही. माणसाचं बोट चुकून पडलेलं असू शकतं. त्याने पुन्हा ‘विवाहित’ केलं तर भरलेलं सगळं परत दिसायला हवं. म्हणून मसुद्यात काही पुसायचं नाही, आणि ‘पूर्ण करा’च्या वेळी मॉडेलला विचारायचं की शेवटी लागू असलेल्या पायऱ्या कोणत्या. फक्त त्या पायऱ्यांची माहिती पक्क्या वस्तूत भरायची. खात्रीच्या पायरीवरही तेवढंच दाखवायचं, म्हणजे जे दिसलं तेच जमा झालं याची माणसाला शाश्वती राहते.

## पायरीगणिक व्हॅलिडेशन कसं करू?

सगळ्या अटी एकाच क्लासवर असतील तर बीन व्हॅलिडेशनचे (जावातल्या तपासणीच्या मानकाचे) ग्रुप वापरा. 2009 च्या पहिल्या आवृत्तीपासून ते आहेत. प्रत्येक पायरीसाठी एक रिकामा इंटरफेस करायचा आणि अटीला तो ग्रुप लावायचा. जेएसएफमध्ये व्हॅलिडेटबीन टॅगला ग्रुपचं नाव देता येतं. लक्षात ठेवायची गोष्ट एकच: ज्या अटीला ग्रुप लावला नाही ती डीफॉल्ट ग्रुपमध्ये जाते, आणि तुम्ही फक्त पायरीचा ग्रुप तपासलात तर ती अट तपासलीच जात नाही. ‘पूर्ण करा’ला लागू असलेले सगळे ग्रुप आणि डीफॉल्ट, असं एकदा सगळं पुन्हा तपासा.

## फाइल दुसऱ्या पायरीवर घेतली, शेवटी जतन करताना सापडत नाही.

कारण अपलोड झालेली फाइल त्या विनंतीपुरतीच असते. विकेटमध्ये फाइलअपलोड ही वस्तू पुढच्या विनंतीपर्यंत टिकत नाही. त्याच पायरीत ती स्वतःच्या तात्पुरत्या जागी लिहून घ्या आणि मसुद्यात फक्त तिची खूण ठेवा. माणूस त्या पायरीवर परत आला की फाइलचा रकाना रिकामाच दिसणार, कारण सर्व्हरला त्यात किंमत भरता येत नाही. म्हणून शेजारी ‘ही फाइल मिळाली आहे’ असं नावासकट दाखवा आणि तेव्हा तो रकाना आवश्यक ठेवू नका. ‘रद्द’ दाबलं तर तात्पुरत्या फाइली उचलायला विसरू नका.

## ‘पूर्ण करा’ दोनदा दाबलं गेलं तर?

क्लिकनंतर बटण निष्क्रिय करा. वाडिनमध्ये सेटडिसेबलऑनक्लिक आहेच. पण भरवसा त्यावर नको. विझार्ड सुरू होतानाच मसुद्याला एक अनन्य ओळख द्या आणि डेटाबेसमध्ये त्या रकान्यावर युनिक बंधन घाला. दुसरी नोंद तिथेच अडेल. जतन झाल्यावर वेगळ्या पानावर रिडायरेक्ट करा, म्हणजे रिफ्रेशने फॉर्म पुन्हा जाणार नाही.

## मध्येच सेशन संपलं तर सगळं गेलं?

टॉमकॅटमध्ये सेशनचा मुळातला काळ 30 मिनिटं असतो. कागद शोधायला उठलेल्या माणसाला तेवढा वेळ सहज लागतो. परत येऊन ‘पुढे’ दाबलं की विकेटमध्ये पान संपल्याची आणि जेएसएफमध्ये व्ह्यू संपल्याची एक्सेप्शन समोर येते. सेशनचा काळ वाढवत बसण्यापेक्षा प्रत्येक ‘पुढे’ला मसुदा डेटाबेसमध्ये ठेवा आणि पुन्हा लॉगिन केल्यावर ‘जिथे थांबलात तिथून चालू करायचं का’ असं विचारा.

## स्क्रीन रीडर वापरणाऱ्यांसाठी काय करावं?

पायरी बदलली हे त्यांना कळलं पाहिजे. नवीन पायरी आली की फोकस तिच्या शीर्षकावर न्या आणि पानाचं शीर्षकही बदला. प्रगतीपट्टीत चालू पायरीला आरिया-करंट हा गुणधर्म ‘स्टेप’ या किमतीसह लावा, नुसत्या रंगावर विसंबू नका. 2023 च्या डब्ल्यूसीएजी 2.2 (वेब सर्वांना वापरता यावं यासाठीची मार्गदर्शक तत्त्वं) मध्ये असाही निकष आला आहे की एकाच प्रक्रियेत माणसाने एकदा दिलेली माहिती पुन्हा मागायची झाली, तर ती आपोआप भरलेली किंवा निवडण्यासाठी हाताशी हवी. तो सर्वात प्राथमिक पातळीवर आहे. मसुदा एकत्र ठेवलेला असेल तर तो पाळायला फारसं काही करावं लागत नाही.

## टेस्ट कशा लिहू?

मॉडेल साधं जावा ठेवलं असेल तर सर्व्हर न चढवता वाटा तपासता येतात. मी प्रत्येक अटीच्या दोन्ही बाजू, आणि प्रत्येक पायरीवरून पहिल्यापर्यंत मागे जाऊन पुन्हा शेवटपर्यंत, एवढं लिहितोच. पडद्यासाठी विकेटटेस्टर आहे. त्यात फॉर्मटेस्टर प्रत्येक सबमिटनंतर नवा घ्यावा लागतो, जुना वापरला तर टेस्ट चुकीच्या पायरीवर बोलत राहते.

आणि एकदा हाताने: दोन टॅब उघडा, दोन्हीत वेगळी नावं भरा, पहिल्यात ‘विवाहित’ करून पुढे जा, माउसला हात न लावता परत येऊन ‘अविवाहित’ करा, ब्राउझरचं ‘मागे’ एकदा दाबा, मग दोन्ही टॅबमध्ये ‘पूर्ण करा’. डेटाबेस उघडा. दोन नोंदी दिसल्या पाहिजेत, नावं आपापल्या जागी, आणि पहिल्या टॅबच्या नोंदीत वैवाहिक स्थिती अन् जोडीदाराचा रकाना एकमेकांशी जुळणारे.